तीन समुपदेशक, तीन पद्धती: यांतला फरक खरा की नुसत्या शब्दांचा?

वर्तकनगर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात विचारला तर उत्तरेही मोघम येतील अशी भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि नोकरीसाठी रोज ट्रान्स हार्बरने ऐरोलीला जाते. तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. आई आधीच गेलेली असल्यामुळे ते डोंबिवलीला एकटेच राहत. त्या संध्याकाळी त्यांनी फोनवर "आज येतेस का?" असे सहज विचारले होते आणि मी "आज नको, उद्या येते" असे म्हटले होते. पहाटे शेजाऱ्यांचा फोन आला. दिवसकार्य, बँकेची कागदपत्रे, घर रिकामे करणे यांत चार महिने गेले आणि ती धावपळ संपल्यावर माझे तपासणे सुरू झाले. घराबाहेर पडताना गॅसचे बटण, गीझरचा स्विच आणि दाराचे कुलूप मी आधी दोनदा पाहायचे, मग पाच वेळा पाहू लागले, आता मोजत नाही. शेगडीचे आणि कुलपाचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवते, म्हणजे गाडीत बसल्यावर ते पाहता येतात. पण पाहताना "हा आजचा की कालचा?" असा संशय येतो, म्हणून हल्ली शेगडीशेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र उभे करून फोटो काढते. (फोटोवर तारीख-वेळ असते हे मला कळते. तिच्यावरही विश्वास बसत नाही.) गेल्या महिन्यात दोनदा मी दिघा गाव स्थानकावर उतरून परतीची गाडी पकडली. लिहिताना माझे मलाच हसू येते. सकाळी सव्वाआठला येत नाही.

गेल्या दीड वर्षात मी तिघांकडे गेले. पहिल्या बाईंकडे आठ सत्रे झाली. त्या फार कमी बोलत. लहानपण, आईचा स्वभाव, वडिलांचा धाक यांविषयी मी बोलत राहायचे आणि कधीकधी दोन-दोन मिनिटे खोलीत फक्त पंख्याचा आवाज असे. आठव्या वेळी "पुढच्या बुधवारी येते" असे सांगून मी निघाले, ती पुन्हा गेलेच नाही.

दुसरे गृहस्थ अगदी उलट. पहिल्याच भेटीत त्यांनी तीन रकाने आखलेला कागद पुढे ठेवला: घटना, तिच्याविषयीचा माझा समज, आणि त्यातून आलेली भावना व कृती. "गॅस बंद असलाच पाहिजे आणि मला त्याची पूर्ण खात्री असलीच पाहिजे" या माझ्या वाक्यातले दोन्ही 'च' त्यांनी लाल पेनाने गोल केले. ते मला मनापासून पटले. पाच आठवडे मी इमानेइतबारे कागद भरले. कागदावर विचार बदलत होता, पण हात मात्र बटणाकडे जातच होता; शेवटी तर कागद नीट भरला आहे ना, हेही मी तपासू लागले.

तिसऱ्या ताई ऑनलाइन भेटतात. त्या ना सल्ला देतात, ना गृहपाठ. ऐकतात, आणि मी बोललेले अशा शब्दांत परत सांगतात की मला जे म्हणायचे होते ते मलाच उमगते. वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले ते त्यांच्यासमोर. त्यांच्याशी बोलल्यावर दोन दिवस हलके वाटते, परंतु गॅसचे तसेच आहे.

यजमान म्हणतात की एकाच्या हातचा गुण येण्याआधीच मी वैद्य बदलते. सासूबाई संध्याकाळी देवापाशी शांत बसायला सांगतात, आणि बसल्यावर बरे वाटते हेही खरे आहे. माझा प्रश्न असा की हे तिघे एकच काम वेगवेगळ्या शब्दांत करत होते, की तीन वेगळीच कामे करत होते? आणि वेगळी असतील, तर मला यांपैकी कोणते हवे आहे हे माझ्यासारख्या सामान्य माणसाने कसे ओळखायचे?

कोपरखैरणेकर

मी या विषयातला तज्ज्ञ नाही, रुग्ण होतो. त्यामुळे तुम्हाला काय झाले आहे हे सांगण्याचा मला अधिकार नाही; मला काय झाले होते, एवढेच सांगतो.

आमच्या आजीच्या भाषेत ज्याला मंत्रचळ म्हणतात आणि डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, तो मला होता. माझा विषय गॅस नव्हता, हात होते. लोकलमधली दांडी, वरच्या कड्या, जिन्याचा कठडा यांपैकी कशालाही स्पर्श झाला की घरी येऊन तासभर मोरीत. चौदा महिने मी एका अतिशय सज्जन समुपदेशकांकडे जात होतो. आमच्या वडिलांची शिस्त, घरातले सोवळे-ओवळे, माझे दहावीचे वर्ष, सगळ्याची उजळणी झाली. हात का धुतो याचे कारण मला इतके उत्तम कळले की मी त्यावर व्याख्यान दिले असते. मात्र साबणाचा खर्च त्या काळात वाढतच गेला.

पुढे ज्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई भेटल्या, त्यांनी पहिली दोन सत्रे फक्त यादी करण्यात घालवली. कोणत्या गोष्टीला हात लावला तर शून्य ते शंभर यांपैकी किती अस्वस्थता येईल, असे त्या विचारत. स्वतःच्या घराची बेल दाबणे तीसवर होते. लोकलमधली कडी धरणे आणि नंतर हात न धुता खाणे हे पंच्याण्णववर होते, आणि ते मी यादीत का घातले याचा मला नंतर पस्तावा झाला. मग आम्ही तळापासून वर चढत गेलो. नियम एकच होता: स्पर्श करायचा आणि धुवायचे नाही. घालमेल होऊ द्यायची, तिला पळवून लावायचे नाही, मनात आकडे मोजायचे नाहीत, फक्त थांबायचे.

अकराव्या की बाराव्या आठवड्यात त्या स्वतः माझ्याबरोबर कोपरखैरण्याहून ठाण्याला गाडीने आल्या. आधी त्यांनी कडी धरली, मग मी धरली. ठाण्याला उतरल्यावर स्थानकाबाहेर त्यांनी दोन वडापाव घेतले, एक माझ्या हातात दिला आणि स्वतःचा खायला सुरुवात केली. माझा घास तोंडापर्यंत जायला वीस मिनिटे लागली. वडा गार झाला, चटणीने पाव ओला झाला, माझ्या कानशिलांतून घाम गळत होता आणि त्या शांतपणे "आता किती?" एवढेच विचारत होत्या. नव्वद. पंच्याऐंशी. पुन्हा नव्वद. चाळीस मिनिटांनी पन्नास. आयुष्यात खाल्लेला तो सर्वांत बेचव वडापाव होता, पण खाल्ला.

याच काळात मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली गोळीही चालू होती, हे लपवणार नाही. श्रेय नेमके कोणाला किती, ते मला सांगता येणार नाही. आज कधीकधी हात जरा जास्त वेळ धुतले जातात, पण मोरीत तास जात नाही.

तुमच्या दुसऱ्या गृहस्थांनी तुम्हाला कधी घराबाहेर पाठवून "आज एकदाच बघा आणि निघा, फोटो नाही" असे सांगून पाहिले का? ते जर झालेच नसेल, तर ती पद्धत पूर्ण वापरली गेली असे मी म्हणणार नाही.

वाशीतील चिकित्सक

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असून वाशीला काम करते. पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, म्हणून खालील मजकूर माहिती म्हणून वाचावा. कोपरखैरणेकरांनी जे वर्णन केले आहे त्याला आमच्या भाषेत एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी, म्हणतात; म्हणजे भीतीला सामोरे जायचे आणि तिच्यावरचा नेहमीचा उतारा टाळायचा. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचे पहिले रुग्ण नोंदवले. मंत्रचळासाठी बोलण्याच्या उपचारांत आज तिलाच पहिले स्थान दिले जाते.

प्रश्नकर्तीच्या मूळ शंकेचे उत्तर असे की ते तिघे तीन वेगळी कामे करत होते, आणि तिघेही आपापले काम चांगले करत असण्याची शक्यता आहे. पहिल्या बाईंचे घराणे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यापासून निघालेले दिसते. त्यात लक्षण हे कोड्यासारखे असते आणि ते सुटावे म्हणून उपचारतज्ज्ञ मुद्दाम कमी बोलतो, जेणेकरून तुमच्या मनात जे येते ते तुमच्याच क्रमाने यावे. तिसऱ्या ताईंचे घराणे कार्ल रॉजर्स यांचे. रॉजर्स यांनी १९५७ मध्ये असे मांडले की समोरच्याला समजून घेणारी सहसंवेदना, विनाअट स्वीकार आणि उपचारतज्ज्ञाचा स्वतःचा खरेपणा मिळाला की माणूस आपोआप वाढीच्या दिशेने जातो. "नुसते ऐकतात" असे आपण म्हणतो, पण तसे ऐकायला फार शिकावे लागते. वडिलांसाठीचे जे रडू तीन वर्षे अडले होते, ते तिथे वाट काढून बाहेर आले, हे त्या पद्धतीचे यश आहे. ते कमी लेखू नये.

दुसऱ्या गृहस्थांची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी. आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे आणि ठाण्यात १९९० पासून चालू असलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या कामामुळे ती इतकी रुजली आहे की 'वाक्यातला च काढा' हे पुष्कळ ठाणेकरांना पाठ असते. तिचे जनक अल्बर्ट एलिस हे आधी मनोविश्लेषणच करत. त्याचा कंटाळा येऊन त्यांनी १९५५ च्या सुमारास ही वाट काढली. आता इथे एक गंमत आहे. एलिस केवळ कागदावर विचार तपासणारे गृहस्थ नव्हते. मुलींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा सपाटा लावला होता, आणि ही हकिकत ते स्वतः रंगवून सांगत. म्हणजे त्यांच्या पद्धतीत कृतीचा गृहपाठ मुळातच होता. तुमच्या बाबतीत तो राहून गेला आणि कागदच तेवढा उरला, असे वाचताना वाटते. मंत्रचळात निव्वळ युक्तिवादाचा आणखी एक धोका असतो: युक्तिवाद हीच एक नवी तपासणी होऊन बसते. कागद नीट भरला का, हे तुम्ही पाहू लागलात, तिथे नेमके तेच घडले.

फोटोंविषयी थोडे जास्त लिहिते, कारण तुमच्या तक्रारीचा गाभा मला तिथे दिसतो. नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी तरुणांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. पुष्कळदा तपासल्यावर त्यांची आठवण चुकू लागली नाही. ती बरोबरच राहिली. पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास उडाला. याचा अर्थ असा की आपल्याला खात्री नाही म्हणून आपण तपासतो हे जितके खरे, तितकेच आपण तपासतो म्हणून खात्री उरत नाही हेही खरे. तुमच्या फोटोंचा प्रवास पाहा: बटण पाहून भागेना म्हणून फोटो आला, फोटोवर भागेना म्हणून वर्तमानपत्र आले. ही शिडी वरच जाते, कारण प्रत्येक पायरी तिच्या आधीच्या पायरीवरचा विश्वास काढून घेते. यजमान रोज "बंद आहे गं" असे सांगत असतील, तर तीही याच शिडीची एक पायरी आहे. ते प्रेमाने सांगतात, पण आजार त्यावर पोसला जातो.

म्हणून माझे मत असे की पद्धतींच्या वादात दोन्ही पक्ष अर्धे बरोबर असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले होते की निरनिराळ्या उपचारांना साधारण सारखेच यश येते. एका इंग्रजी बालकथेतला डोडो पक्षी शर्यतीनंतर सगळ्यांनाच विजयी ठरवतो, तसे. उदासी, नात्यांतली घुसमट, शोक यांच्या बाबतीत हे बरेचसे लागू पडते आणि तिथे पद्धतीच्या नावापेक्षा समोरच्या माणसाशी जुळलेले नाते जास्त मोलाचे ठरते. मात्र मंत्रचळ, विशिष्ट गोष्टींची भीती, अचानक येणारे घाबरेपणाचे झटके यांच्या बाबतीत मी डोडोचा निकाल मान्य करत नाही. तिथे पद्धत बदलली की फरक पडतो.

कोणाकडे जायचे हे ठरवताना एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये केलेली मांडणी मला आजही उपयोगी वाटते. उपचारातले नाते म्हणजे नुसती आपुलकी नव्हे. आपण कुठे पोहोचायचे आहे आणि त्यासाठी दोघांनी काय करायचे आहे, यावरही दोघांचे एकमत लागते. तिसऱ्या ताईंशी तुमची आपुलकी होती, पण तपासणे थांबवायचे हे उद्दिष्ट कधी बोलले गेले होते का? पहिल्या भेटीत सरळ विचारावे: माझ्या त्रासाचे तुमचे आकलन काय आहे, त्यावर आपण नेमके काय करणार आहोत, किती आठवड्यांनी आढावा घेणार आहोत, आणि तुम्ही ईआरपीचे प्रशिक्षण घेतले आहे का? या प्रश्नांनी जो नाराज होईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असावी लागते आणि ती पडताळता येते. 'समुपदेशक' ही पाटी त्या मानाने फार सैल आहे. तिच्यामागे पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव असू शकतो, तसाच चार शनिवार-रविवारचा वर्गही असू शकतो. एकदा मनोविकारतज्ज्ञांनाही भेटावे. मंत्रचळावर औषधांचा उपयोग होतो, पण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत "गोळीने काही होत नाही" असा निष्कर्ष काढू नये.

आधीच्या तिघांविषयी नव्या तज्ज्ञाला अवश्य सांगावे. तो कमीपणा नाही, उपयुक्त इतिहास आहे.

वर्तकनगर

दोघांचेही मनापासून आभार. शेगडीच्या प्रयोगाविषयी मी यजमानांना वाचून दाखवले आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे मी तेल ओतत होतो."

एक शंका राहते. कोपरखैरणेकरांनी लिहिल्याप्रमाणे कारण कळून हात थांबले नाहीत, हे मी समजू शकते. मग पहिल्या बाईंची ती आठ सत्रे वाया गेली असे समजायचे का? दर सत्राला दीड हजार रुपये दिले होते, म्हणून विचारते असे समजा हवे तर. पण खरे म्हणजे तिथे काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे मला अजून वाटते.

मासुंदा

वरच्या प्रतिसादांत मनोविश्लेषणाला जरा घाईने बाजूला सारले गेले आहे असे मला वाटते, म्हणून लिहितो. मी स्वतः चार वर्षे त्या पद्धतीने उपचार घेतले आहेत आणि त्या पद्धतीचा मला फायदा झाला आहे, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही हे आधीच मान्य करतो.

ही पद्धत परदेशी आणि आपल्याला परकी, असा एक समज असतो. वास्तविक कोलकात्यात गिरीन्द्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि त्या पत्रव्यवहारात ते फ्रॉइडचे सगळेच मान्य करत नव्हते. भारतीय रुग्णांचे मन आपल्याला वेगळे दिसते असे त्यांनी त्यांना स्पष्ट कळवले होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच आपल्या माणसाने ही पद्धत तपासून, वाद घालून वापरली होती.

आता आपल्या आठ सत्रांविषयी. आपण वडिलांना "उद्या येते" असे म्हटले होते. पहिल्या बाईंना आपण "पुढच्या बुधवारी येते" असे म्हणालात आणि गेला नाहीत. दोन्ही वाक्ये आपणच, एकाच लेखात, काही ओळींच्या अंतरावर लिहिली आहेत. याचा अर्थ काय हे मी सांगणार नाही. तो लावण्याचा मला अधिकार नाही आणि अशा उघड जागी तो लावूही नये. पण त्या खोलीत नेमक्या अशाच गोष्टींवर काम होते. जुन्या नात्यातले न मिटलेले काहीतरी उपचारतज्ज्ञाशी असलेल्या नात्यात पुन्हा घडते आणि या वेळी त्यावर बोलता येते, हा या पद्धतीचा कणा आहे. आपण गप्प बसणाऱ्या बाईंना "तुम्ही बोलत का नाही? मला राग येतो" असे एकदा जरी म्हटले असते, तरी उपचाराला तिथून वेग आला असता. अर्थात असे मोकळेपणाने बोलावे, ही सूचना त्यांनी पहिल्याच भेटीत द्यायला हवी होती. ती न देणे ही त्यांची चूक म्हणावी लागेल. पद्धत गूढ ठेवण्याची खोड या घराण्याला फार जुनी आहे, आणि मला ती आवडत नाही.

हात थांबवण्यासाठी ईआरपी करावी, याला माझा विरोध नाही. मात्र हात थांबल्यावर ज्याच्यासाठी ते चालत होते ते दुःख समोर येऊन बसले, तर त्याच्यासाठी कोणीतरी हवे.

वाशीतील चिकित्सक

मासुंदा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते यायला हवे होते. माझ्या अनुभवात तपासणे कमी होऊ लागल्यावर काही जणांचा शोक उफाळून येतो आणि मग "उपचारांनी बिघडले" असे घरच्यांना वाटते. क्रमाबाबत मात्र मी ठाम राहीन. दिवसाचे दोन तास शेगडीपुढे जात असतील, तर आधी ते तास सोडवून घ्यावेत. दोन तज्ज्ञांकडे एकाच वेळी जायचे असल्यास दोघांनाही ते माहीत असावे, नाहीतर एक जण अस्वस्थता सहन करायला शिकवतो आणि दुसरा नकळत तिच्यावर फुंकर घालतो.

आणखी एक विनंती. हे वाचून उद्या सकाळी घाईने सगळे एकदम थांबवू नये. शिडीची सर्वांत खालची पायरी कोणती, हे तज्ज्ञासोबत बसून ठरवावे.

चरई, निवृत्त

मी शिक्षक होतो. मानसशास्त्राचा माझा अभ्यास नाही, पण ठाण्यात सत्तर वर्षे काढली आहेत. आमच्या लहानपणी कोणी जरा विचित्र वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे सगळ्या महाराष्ट्रात म्हणत. आम्ही तर ठाण्यातच राहायचो, त्यामुळे गावी गेलो की भावंडे आम्हालाच चिडवत. ठाण्याचे ते मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे आणि त्या थट्टेमुळे कित्येक घरांनी आपल्या माणसाचा आजार वर्षानुवर्षे झाकून ठेवला, हे मी जवळून पाहिले आहे. आज एक सूनबाई उघडपणे "कोणती उपचारपद्धती निवडू?" असे विचारते आणि तिला इतकी नेटकी उत्तरे मिळतात, याचे मला फार समाधान वाटले.

सांगायचे एवढेच की सर्व प्रतिसादांत उपचार एकट्या तिचा धरला आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या नातलगांनाही आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले होते, कारण घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय आपल्याकडे उपचार टिकत नाही हे त्यांनी ओळखले होते. आपल्या यजमानांनी "तेल ओतत होतो" असे स्वतःहून म्हटले, म्हणजे माणूस समजूतदार आहे. त्यांना एखाद्या सत्राला बरोबर न्यावे. तिने विचारल्यावर काय उत्तर द्यायचे, हे त्यांनाही कोणीतरी शिकवायला हवे. नुसते "सांगू नका" म्हटले तर नवऱ्याला ते निष्ठुरपणाचे वाटेल आणि तो चार दिवसांत पुन्हा सांगू लागेल. सासूबाईंनाही सगळे समजावून सांगावे. संध्याकाळी देवापाशी बसण्यात काही वाईट नाही. फक्त ते बसणेही मोजून-मापून होऊ लागले तर सावध व्हावे.

वर्तकनगर

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. चरईच्या काकांची शेवटची ओळ वाचून मी दचकले, कारण गेल्या महिन्यापासून मी समई विझली ना, हे तीनदा पाहते, आणि ते वर लिहायचे राहून गेले होते की मी मुद्दामच लिहिले नव्हते, हे मला खरोखर सांगता येत नाही.

ऐरोलीला माझ्या ऑफिसपासून जवळच बसणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. फोनवरच ईआरपीविषयी विचारले. त्या नाराज झाल्या नाहीत. उलट पहिल्या भेटीला यजमानांना घेऊन या आणि येताना आठवडाभराची नोंद आणा, असे म्हणाल्या. मनोविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तिसऱ्या ताईंना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच म्हटले की तपासण्याविषयी मी त्यांच्याशी फारसे कधी बोललेच नव्हते, आणि ते खरे आहे. मला त्यांच्यासमोर शहाणे दिसायचे असावे.

पहिल्या बाईंना पत्र लिहिले. "पुढच्या बुधवारी येते असे सांगून आले नाही, त्याबद्दल बोलायला यायचे आहे, पण आता नाही, काही महिन्यांनी," असे दोनच ओळींचे. पाठवण्याआधी ते किती वेळा वाचले ते विचारू नका. त्यांचे उत्तर आले आहे. त्या थांबायला तयार आहेत.

पायरी तज्ज्ञांसोबतच ठरवायची, हे लक्षात ठेवले आहे. फोटो अजून काढते. त्यात वर्तमानपत्र उभे करणे तेवढे सोमवारपासून सोडले, कारण ते मला सर्वांत हास्यास्पद वाटत होते. पहिल्या दिवशी ऐरोली येईपर्यंत पोटात गोळा होता. घरी आल्यावर यजमान म्हणाले की बऱ्याच महिन्यांनी त्यांना पेपर सकाळी चहाबरोबर वाचायला मिळाला.